अपूर्णांक उलटा का करतात, आणि मी तिकडे का येत नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? इकडे आई ठणठणीत आहे आणि आम्हा सगळ्यांना धाकात ठेवून आहे. तुझी भावजयही बरी आहे. मीसुद्धा बरा होतो, तिकडे परदेशात तुझ्या घराजवळच्या त्या शाळेनं माझी मुलाखत घेईपर्यंत.

मुलाखतीचं काय झालं हे तू फोनवर विचारलंस की मी फोन आईच्या हातात देतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, की जाणारे खुशाल जावोत, आपण इथल्या मुलांसाठी राहायचं. चित्रकलेचे सर मला 'राष्ट्रसेवक' म्हणूनच हाक मारतात. हे बोलणं फार सोपं होतं, कारण मला बाहेर कोणी बोलावलंच नव्हतं. तू त्या शाळेत शब्द टाकलास, बोलावणं आलं, आणि माझी सेवावृत्ती एका दुपारीत ढेपाळली. शाळा सुटल्यावर मी जाड कोट कुठे मिळतो याची चौकशी करून आलो. वर मुख्याध्यापकबाईंना सांगितलं, की घरच्यांचा फार आग्रह आहे, पण माझा पाय निघत नाही. (पाय केव्हाच निघाला होता. कोटाच्या दुकानापर्यंत जाऊनही आला होता.)

तर त्या शाळेची अट अशी, की चालू वर्ग संगणकावरून दाखवा. शाळा आपल्याकडून गेलेल्या लोकांनीच काढलेली, तेव्हा भाषेची अडचण नव्हती. मी सहावीचा वर्ग निवडला, विषय अपूर्णांकांचा भागाकार. म्हटलं, तपासणीला साहेब आले की आपण जे करतो तेच करायचं. ती युक्ती तुला काय सांगायची, तूच ती मला शिकवलीस, याच शाळेत, मी नवा होतो आणि तू लग्न होऊन जायच्या बेतात होतीस तेव्हा. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. उत्तर येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. पाहुण्याला वाटतं वर्ग हुशार आहे, आणि आपण निवांतपणे उजव्या हातांना उभं करतो. बाकीच्यांची अब्रू झाकली जाते, आपलीही. आदल्या दिवशी मी तालीम घेतली. सर परदेशी जाणार म्हणून पोरांनी जीव तोडून मेहनत केली. (याचं मला थोडं वाईट वाटायला हवं होतं, असं तुझ्या भावजयीचं म्हणणं आहे.)

घोटाळा असा झाला, की तिकडच्या निवड समितीला माझा चेहराही बघायचा होता आणि वर्गही. म्हणून संगणक फळ्यापाशी टेबलावर ठेवला, आणि मी त्याच्याकडे तोंड नि वर्गाकडे पाठ करून उभा राहिलो. मुलं मला पडद्यावर दिसत होती. पडद्यावर आपल्याला सगळं आरशातल्यासारखं दिसतं, डाव्याचं उजवं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ऐटीत प्रश्न टाकला, सगळे हात वर गेले, आणि मी नेहमीच्या सवयीनं एकाला उठवलं. तो म्हणाला, येत नाही सर. दुसरीला उठवलं. येत नाही सर. तिसरा नुसताच माझ्याकडे दयेनं बघत राहिला. वर्गातली हुशार पोरं उजवे हात छपराला लावायला निघाली होती, आणि मी नेमक्या न येणाऱ्यांना वेचून वेचून उभं करत होतो. शेवटी मागच्या बाकावरच्या चष्मेवालीला उठवलं. तिचा आवाज मी हजेरीपलीकडे कधी ऐकला नव्हता. तीही म्हणाली, येत नाही. पण खाली बसेना. म्हणाली, "सर, भागताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा? आहे तसाच का नाही ठेवायचा?"

ताई, मला माहीत नाही. 'उलटा करा आणि गुणा' एवढंच मी जन्मभर सांगत आलो. मला शिकवणाऱ्यांनीही तेवढंच सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, फार चांगला प्रश्न आहे, यावर उद्या बोलू. (शिक्षकाला उत्तर येत नसलं की प्रश्न चांगला असतो.) घरी येऊन कोटाचा विचार डोक्यातून काढून टाकला.

आणि मग निकाल आला. माझी एकमतानं निवड झाली. येत नसताना हात वर करून 'येत नाही' म्हणणारी मुलं त्यांनी कुठेच पाहिली नव्हती म्हणे. वर्गात इतका निर्भयपणा रुजवणाऱ्या शिक्षकाची त्यांना नितांत गरज होती. मुख्याध्यापकबाईंनी हे शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. चित्रकलेचे सर हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले.

मी निघालोही असतो. पण चष्मेवालीचा 'उद्या' रोज उगवतो. मी तिला चुकवण्यासाठी तास बदलून घेतले, एकदा खोकल्याचं सोंगही केलं. त्यातून त्या डाव्या हातांना आता चटक लागली आहे. एकदा उभं केल्यापासून ती पोरं आपणहून हात वर करतात, येत नाही म्हणून सांगायला. निम्म्याहून जास्त वर्ग निघाला तो. धडा पुढे सरकायच्या ऐवजी रोज मागे जातोय. मी घरी साबणाच्या वड्या कापून अपूर्णांक मांडून बघतो, त्यामुळे अंघोळीला साबण उरत नाही आणि आई चिडते. आणि खरं सांगू, इतकं बरं मला वर्गात कधीच वाटलं नव्हतं.

म्हणून मी येत नाही. तू वरची खोली रिकामी करून ठेवली आहेस, हे ठाऊक आहे. भाऊजी कामावर गेले की घर खायला उठतं, असं तू आईला म्हणालीस, तेही माझ्या कानावर आलंय. त्यामुळेच हे एक वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले. रागाव, पण फार दिवस रागावू नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझा,
राष्ट्रसेवक

ता.क. सेवाबिवा काही नाही. उत्तर न देता गेलो तर सर पळाले असं ती चष्मेवाली म्हणेल, एवढीच भीती आहे. तू गणितवाली आहेस. अपूर्णांक उलटा का करतात, ते सहावीला कळेल असं (म्हणजे मलाही कळेल असं) ताबडतोब लिहून पाठव.

आणखी ता.क. त्या शाळेला नकार कळवताना मी खरं तेच लिहिलं, की सगळ्यांनी हात वर करायची ही पद्धत माझी नव्हे, थोरल्या बहिणीची. ती तुमच्या मागच्याच रस्त्याला राहते आणि माझ्याहून शंभर पटींनी चांगलं गणित शिकवते. त्यांचा तुला फोन येईल. शिकवणं सोडून जमाना झाला, आता जमायचं नाही, असलं काही त्यांना सांगू नकोस. मी नवा होतो तेव्हा माझा तास सोडून दाराबाहेर उभा राहून तुझा ऐकायचो. हे तुला कधी बोललो नव्हतो.

शेवटचं. हे मी आईला सांगितलं. तिनं लगेच, आपली पोरगी पुन्हा शाळेत शिकवायला लागली, असं दूधवाल्यापासून सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशीसुद्धा गोड बोलते आहे. तेव्हा तुला नाहीच म्हणायचं असेल, तर फोन करून तिला तूच सांग. माझ्यात तेवढी हिंमत नाही.