घुबडाची नोट

१२ जानेवारी
घुबड गेलं! अगदी हातात आलेलं!

जुन्या नोटांच्या प्रदर्शनात गेले होते. न्यूझीलंडची पन्नास डॉलरची कागदी नोट – पुढे राणी एलिझाबेथ, मागे तिथलं गोल डोळ्यांचं घुबड. किती वर्षं शोधतेय! विक्रेत्याला म्हटलं, थांबा, चष्मा काढते. चष्मा नाकावर येईपर्यंत शेजारच्या गृहस्थांनी ती घेऊनसुद्धा टाकली.

"अहो, मी सांगितली होती ती."

"आपण सांगितलीत. मी घेतली."

शिवाय नोट ठेवली घुबड खाली करून. म्हटलं, निदान सुलटी तरी ठेवा. तर म्हणे, "राणी ज्या बाजूला, ती सुलटी."

हे राणीसाठी नोटा जमवतात, मी पक्ष्यांसाठी. नाव दिगंबर खांबेटे, राहणार कसबा पेठ. निघताना पत्ता दिला – "घुबड बघावंसं वाटलं तर या. हात कोरडे असू द्या."

१५ जानेवारी
जाणार नाही.

१९ जानेवारी
गेले.

खांबेट्यांचा पूर्वी छपाईचे ब्लॉक करायचा धंदा होता. भिंग हातात दिलं आणि देशोदेशीच्या नोटा ओळीनं मांडल्या. तीच राणी – आधी कोवळी मुलगी, मग बाई, मग आजी. "सुरकुत्या बघा. एकेक रेघ हातानं कोरलीय. लपवली नाही कुणी." बायको जाऊन आठ वर्षं झाली, हेही त्याच सुरात सांगितलं. माझा नवरा, प्रकाश, गेल्याचं मग मीही सांगितलं.

माझी न्यूझीलंडचीच एक डॉलरची नोट दाखवली. शेपटीचा पंखा केलेला पक्षी, आपल्याकडच्या नाचण पक्ष्याचा भाऊबंद. आमच्या सोसायटीच्या मागे एक नाचण रोज नाचते म्हटलं.

"कर्वेनगरात? तिथे बिल्डर सोडून कुणी नाचताना पाहिलं नाही मी."

इतकी हसले की चहा सांडला. नोटेवर नाही, नशीब!

२ फेब्रुवारी
तह झाला. घुबड पंधरा दिवस माझ्याकडे, पंधरा दिवस त्यांच्याकडे. दिगंबरराव आज सकाळी स्वतः नोट घेऊन आले, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. नाचण दाखवली. कुंपणावर, मग पेरूच्या फांदीवर, मग गरकन उलटी.

"नोटेवरची बरी," म्हणाले. "हलत तरी नाही."

पण खिडकीपासून हलले नाहीत.

९ फेब्रुवारी
आज काही कारण नसताना आले. म्हणे, घुबडाची तब्येत बघायला.

२० फेब्रुवारी
केयूरचा बंगळूरहून फोन. "आई, एप्रिलमध्ये राहायला येतेयस ना? तुझी खोली रंगवून घेतोय." दिवाळीत मीच हो म्हटलं होतं. एकटीला घर खायला उठायचं तेव्हा. आज म्हटलं, "बघू."

संध्याकाळी कसब्यात जाऊन दिगंबररावांना सांगितलं. म्हणाले, "बरं." मग, "तिकडे पक्षी पुष्कळ असतील." माझ्या चहात दोनदा साखर घातली. निघताना नोट पुढे केली – "घेऊन जा. कायमची. घुबड वर ठेवा हवं तर."

घेतली नाही. रिक्षात डोळे पुसत आले. जिच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला, ती नोट समोर धरली होती आणि मला ती नकोच होती!

२१ फेब्रुवारी
फोन नाही. मीही केला नाही.

१ मार्च
केयूरला सांगून टाकलं – येत नाही.

"का? तब्येत ठीक आहे ना?"

"उत्तम आहे. इथे एक गृहस्थ आहेत."

तिकडे त्यानं टीव्ही बंद केला. मग, "कोण गृहस्थ?"

"ज्यांनी माझं घुबड पळवलं, ते."

मागून सुनेचं हसू ऐकू आलं. स्पृहानं फोन ओढूनच घेतला बहुधा. "आई, फोटो पाठवा! घुबडाचा नको!" मग केयूर पुन्हा फोनवर आला. "तुझी खोली राहू दे तशीच, आई. दोघं या." लहानपणी पडला तरी रडायचा नाही हा. आज आम्ही दोघंही रडलो.

आता प्रश्न एकच – गृहस्थांना अजून यातलं काहीच माहीत नाही!

२ मार्च
कसब्यात गेले. बसायच्या आधीच विचारून टाकलं – माझ्याशी लग्न कराल का?

दिगंबर हो म्हणाला.