केदारला सांगितलं, आई

प्रिय आईस,

तू घातलेली शपथ मी मोडली. मामा रोज सकाळी तुझ्या फोटोला हार घालताना माझी तक्रार करतो, म्हणजे एक बाजू तुला कळलेलीच असणार. दुसरी मी लिहिते. गेल्या सोमवारी माझी परीक्षाही झाली, त्यामुळे आता कुठे बसून लिहिण्याइतकं डोकं जागेवर आलंय.

केदारला मी सांगितलं.

आयसीयूत जायच्या आधी माझा हात धरून तू म्हणालेलीस, "केदूला काही सांगू नका. हॉस्पिटलमध्ये आहे म्हणा, गावाला गेली म्हणा. विसरेल तो." शपथच घातलीस. मी कारण विचारलं नाही, कारण ते मला माहीत होतं. बाबा गेले तेव्हा केदार शाळकरी होता आणि बाबांना खाली आणून ठेवल्यावर तो सगळ्यांसमोर मोठ्यानं हसला. आपलीच माणसं काय काय बोलली! ऑटिझम हा शब्द तेव्हा बिल्डिंगमध्ये तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. ते हसणं आणि ती बोलणी, दोन्ही तू कधी विसरली नाहीस. पुन्हा कोणी त्याच्याकडे तसं बघू नये, एवढंच तुला हवं होतं ना? म्हणून तुला नेलं त्या दुपारी आपला केदार, एवढा पस्तिशीचा माणूस, शेजारच्या काकूंकडे टीव्ही बघत बसलेला.

पण तो विसरला नाही गं.

रोज चहा झाला की तुम्ही दोघं ठाकुर्लीच्या बाजूला चक्कर मारायला जायचात. तू गेल्यावर बरोबर त्याच वेळी तो तुझ्या चपला रॅकवरून काढून दाराशी ठेवायला लागला. टोकं बाहेरच्या बाजूला, आणि स्वतः दाराकडे तोंड करून उभा. त्याला एकटं ठेवायला नको म्हणून मामा कल्याणचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आलेला. तो चपला उचलून परत ठेवायचा आणि मला म्हणायचा, "लक्ष देऊ नकोस. आपोआप सुटेल."

मी त्या वेळी नेमकं हेच वाचत होते. वर्तकनगरच्या सेंटरमध्ये मी ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर काम करते, त्याचीच सर्टिफिकेटची परीक्षा. तू असताना फॉर्म भरलेला, आठवतं? माणूस एखादी गोष्ट का करतो, त्याच्या आधी काय घडतं, केल्यावर त्याला काय मिळतं, हा सगळा अभ्यास. त्यात एक प्रकरण आहे एक्स्टिंक्शनचं. एखाद्या वागण्यातून जे मिळत होतं ते मिळायचं बंद झालं, की ते वागणं हळूहळू थांबतं. पण थांबायच्या आधी भडकतं. लिफ्ट येत नसली की आपण बटण जास्तच जोरात दाबतो ना, तसं.

आणि केदार भडकला. आधी नुसता उभा राहायचा, मग दारावर थापा मारायला लागला. मग स्वतःचं मनगट चावायला लागला. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मी खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि संध्याकाळ जवळ आली की कान दाराकडे लागायचे. समोर 'वागणूक वाढते तेव्हा घाबरून माघार घेऊ नये' असं छापलेलं आणि बाहेर माझा भाऊ दाराला डोकं टेकून ओरडतोय. काय पाठ करणार होते मी?

एका संध्याकाळी मामा दार अडवून उभा राहिला. केदारनं त्याला ढकललं. मारायला नाही, नुसतं बाजूला करायला. पण मामा रॅकवर पडला आणि हाताचं हाड मोडलं.

प्लास्टर घालून आल्यावर मामा एकही शब्द आवाज चढवून बोलला नाही, त्याचीच मला भीती वाटली. टिटवाळ्याच्या पुढे केदारसारख्या मोठ्या माणसांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, तिथे त्याचं बोलणं झालेलं. रविवारी केदारला न्यायचं ठरलं. माझी परीक्षा सोमवारी. "तुझा अभ्यासही होईल," म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला, म्हणून मला त्याच्याशी भांडताही येईना.

सेंटरमध्ये आमच्या सीनियर प्राची मॅडम मला तोंडी प्रश्न विचारून तयारी करून घेत होत्या. एक्स्टिंक्शनचं उदाहरण दे म्हणाल्या. माझ्या तोंडून आपल्या घरचंच निघालं. नाव न घेता सांगितलं, एक माणूस आहे, तो रोज आईच्या चपला दाराशी ठेवतो. त्यांनी विचारलं, त्यातून त्याला काय मिळायचं? म्हटलं, आईबरोबर फिरायला. आणि आता आई कुठे आहे? म्हटलं, वारली.

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "त्याला माहीत आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग प्लॅन कसला करतेस, वैजयंती? तो विचारतोय. आधी उत्तर तरी दे त्याला."

आई, माणूस काही मागतो त्याला या अभ्यासात 'मँड' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला 'मंद' ऐकू आलेलं, सोसायटीतली पोरं गॅलरीखालून ओरडायची तो शब्द. पाणी, खाऊ, फिरणं, नको म्हणणं, सगळे मँड. शब्दच लागतो असं नाही. हाताला धरून नेलं, वस्तू पुढे केली, तरी ते मागणंच. तुझ्यावर थोडी रागावलेय मी या बाबतीत. त्याला तहान लागायच्या आत तू भांडं पुढे करायचीस. त्याला मागायची वेळच येऊ दिली नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःहून काही मागितलं, ती तूच, आणि आम्ही ते उचलून रॅकवर ठेवत होतो.

शनिवारी मी लवकर घरी आले. चहा झाला. चपला दाराशी आल्या. मामा दुसऱ्या खोलीत केदारचे कपडे बॅगेत भरत होता. मी जमिनीवर बसले आणि केदारला शेजारी बसवलं. मोबाइलवर तुझा फोटो उघडला, मग हॉस्पिटलच्या इमारतीचा. त्यानं त्यावर बोट ठेवलं. "हॉस्पिटल," म्हणाला. आम्हीच शिकवलेलं उत्तर.

"हॉस्पिटलमध्ये नाहीये आता. केदार, आई मेली."

देवाघरी गेली, झोपली, असलं काही म्हणायचं नव्हतं मला. तो झोपायला घाबरला असता. आतून मामाचा आवाज आला, "वैजू, गप्प बस." मी थांबले नाही. आईचं शरीर बंद पडलं, श्वास बंद पडला, आपण तिला स्मशानात नेऊन जाळलं, ती परत येणार नाही, असं सगळं सांगितलं. एकेक वाक्य, सावकाश.

आणि तो हसला. तेच हसणं आई, बाबांच्या वेळचं. मामा दारात येऊन उभा होता, त्याचा चेहरा उतरला. पण मी आता सेंटरमध्ये हे हसणं खूपदा ऐकलंय. मुलं घाबरली की हसतात, सहन झालं नाही की हसतात. मी केदारच्या छातीवर हात ठेवला. आत धडधड चाललेली. एवढी वर्षं कुणी हात ठेवून पाहिलाच नव्हता का?

मग त्यानं माझ्या हाताला धरून मला उठवलं आणि दार दाखवलं. मी विचारलं, बघायचंय कुठे ते? त्यानं दार सोडलं नाही.

आम्ही रिक्षानं स्मशानात गेलो. मामाही शेजारी येऊन बसला, हात गळ्यात बांधलेला. तिथल्या माणसाला मी खरं ते सांगितलं, त्यानं आत जाऊ दिलं. केदारनं तिथले लोखंडी गज हातानं चाचपले. खाली राखेचा काळा डाग होता, तो बराच वेळ बघितला. हात नाकाशी नेला. "मेली," म्हणाला. मग म्हणाला, "घरी."

तू म्हणशील, सुटला ना प्रश्न? नाही सुटला. दुसऱ्या दिवसापासून तो भेटेल त्याला सांगायला लागला. वॉचमनला, दूधवाल्याला, लिफ्टमधल्या अनोळखी बाईला. "आई मेली." लोक दचकतात. पण दारावरच्या थापा कमी झाल्या, मनगटावरच्या जखमेला खपली धरली. तो आत्ता सुतकात बसलाय, असं मला वाटतं. आम्ही त्याला तेव्हा बसूच दिलं नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी यायची होती. मामा बॅगेशेजारी बसलेला. केदार त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई मेली."  मग परत सांगितलं. तुझा हा भाऊ तुझ्या मयताला रडला नव्हता आई, दिवसांनाही नाही, सगळी व्यवस्था त्याच्याच अंगावर होती. मामा केदारचा हात धरून म्हणाला, "हो रे बाबा. माझी ताई मेली." आणि रडायला लागला. केदारला रडण्याचा आवाज सोसत नाही, त्यानं कान झाकले, पण तिथून हलला नाही.

मामानं गाडी नको म्हणून फोन केला. आत्ता नको, असं म्हणाला. पुढचं मला माहीत नाही. माझ्यावर चिडलाय तो अजून, तुझा शब्द मोडला म्हणून.

परीक्षेत एक्स्टिंक्शनवर प्रश्न आला. घरचं सगळं आठवलं, तरी अपेक्षित होतं ते उत्तर निवडलं. पास झाले.

एक शब्द देते तुला. यापुढे या घरात काही होणार असेल, मामाचं ऑपरेशन असो, घर बदलणं असो, माझं दुखणंखुपणं असो, तर सगळ्यात आधी केदारला सांगेन. आणि मी जाईन तेव्हा मला न्यायला सगळ्यांबरोबर तोही खाली उतरेल, आई. हसला तर हसू दे. तशी सोय मी करून ठेवीन.

तुझी,
वैजू