पिसं लावलेला फोटो

ती. आईस,

पाया पडते. मी मजेत आहे, खोकला गेला. बाबांचा गुडघा कसा आहे?

आदिवासी मुलींची सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाली, तेव्हा फीची काळजी सोडा. काल कॉलेजात वाटपाचा कार्यक्रम होता. तू शिवलेला निळा ड्रेस घालून गेले, तर ऑफिसातल्या बाई मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "हे काय? तुझा पारंपरिक पोशाख कुठंय?"

"आमच्या घरी असेच कपडे घालतात," मी म्हटलं.

"मग फोटोत तू आदिवासी आहेस हे कळायचं कसं?"

झालं! आम्हा अकरा जणींच्या डोक्याला पिसं बांधली, कमरेला प्लास्टिकच्या पानांची झालर. सगळं नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातलं, घामट वासाचं. माझ्या पिसांच्या पट्ट्याला आतून चिठ्ठी शिवलेली होती: "राक्षस, तिसरा". शिसारी आली गं. आणि पाहुणे साहेब भाषणात म्हणाले, यांची संस्कृती आपण जपली पाहिजे. टाळ्या तर थांबेचनात.

चेक हातात देताना फोटोवाला म्हणाला, "हस जरा." प्रश्न माझ्या एकटीचा असता तर चेक तिथंच टाकून आले असते. पण पुढच्या वर्षी धाकटीलाही इथंच यायचंय.

तिचा अभ्यास चाललाय ना? रागावू नकोस तिच्यावर.

फोटो टपालानं घरी येईल. बाबांना दाखव हवं तर, पण धाकटीला नको. ती पिसांचं काही विचारणार नाही. ताई हसतेय कशाला, एवढंच विचारेल.

तुझी,
थोरली