दुसऱ्यांदा विचारलं नाही

४ मे, रविवार
सकाळी पुन्हा जिना. तलावाला फेरी मारू म्हटलं तर हे म्हणाले, सपाटीवर चालून डोंगर चढता येत न्हाय. सोलापुरात चढ आणायचा कुठून? म्हणून मागच्या गल्लीतली पाच मजली बिल्डिंग, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेल्या सॅक. वॉचमन रोज हसतो. चौथ्या फेरीला हे कठडा धरून थांबले. खोकला. "टॉवेलच्या कारखान्यातला भुगा हाय त्यो. जन्मभर खाल्लाय, आता भाईर येतोय."
लेकीनं, गौरीनं, पुण्याहून सगळं बुक केलंय. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट. जावा बेट, खरा ज्वालामुखी. इतकी वर्षं भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढत आले. शंकू, नळी, वर लाल खडूनं धूर. पाहिला कधीच नाही.
हे सगळ्यांना सांगतात, "बाईंचा फळा बघायला चाललोय."

९ मे
डॉक्टरकडे. छातीत घरघर आहे म्हणाले. पंप दिला, जवळ ठेवा, धूळ-धूर टाळा. ह्यांनी सांगितलं, जरा डोंगरावर फिरायला चाललोय. कसला डोंगर ते सांगितलं नाही. मीही गप्प. सांगितलं असतं तर डॉक्टर नको म्हणाले असते, दोघांनाही माहीत होतं.
रविवारच्या भटकंतीच्या ग्रुपला पंपाचं कळू द्यायचं नाही, अशी ताकीद. ग्रुप ह्यांनीच जमवलेला, सगळ्यात पुढे हेच चालणार.

१९ मे, जावा
पोचलो. डोंगराच्या पायथ्याशी लहानसं हॉटेल. चक्क थंडी! सोलापूर भाजतंय आणि आम्ही स्वेटरमध्ये. केळ्याची भजी खाल्ली. वाटाड्या पोरगेलासा, नाव एको. ह्यांना 'बापा' म्हणतो. उद्या आराम, परवा सकाळी चढायचं. एकोनं मास्क दाखवले. वर गंधकाचा धूर असतो. हे मास्क लावून आरशात बघून हसले.

२१ मे
मी वर जाऊन आले. ह्यांना खाली नेलं. आता बरे आहेत. ऑक्सिजन लावलाय. जास्त लिहवत नाही.

२३ मे
हे झोपलेत. लिहून टाकते.
चढ अवघड नव्हता. रुंद वाट, मातीची. निम्म्यावर ह्यांचा दम वाढला. मास्क काढायचे, पंप मारायचे, पुन्हा लावायचे. वर शेवटची टपरी आहे, तिथं बाकावर बसले. वारा फिरला आणि धुराचा एक लोट अंगावर आला. कुजक्या अंड्याचा वास, डोळे चुरचुरले. ह्यांचा चेहरा राखेसारखा. म्हणाले, "तू हो म्होरं. मी बसतो हितं."
मी विचारलं, "नक्की?"
"जा की. फळा बघून ये."
गेले. एकोला ह्यांच्यापाशी ठेवलं, दुसऱ्या एका ग्रुपच्या मागोमाग गेले.
दुसऱ्यांदा विचारलं असतं तर 'नको जाऊ' म्हणाले असते. मला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही.
वर... ते तळं. असा हिरवा-निळा रंग मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नाही. काठाला पिवळंजर्द गंधक, त्यातून वाफा. धूर बाजूला सरला की तळं उघडं पडायचं, पुन्हा झाकायचं. मी कडेला बसून राहिले. एक तास तरी. मला ह्यांची आठवण आली नाही. हे लिहायला हात अडतोय, पण आली नाही.
परत आले तर बाक रिकामा. टपरीवालीनं खाली हात दाखवला. ह्यांचा श्वास अडकला तेव्हा एकोनं ढकलगाडी बोलावली. गंधक वाहायची दोन चाकी गाडी, दमलेल्या टुरिस्टांनाही तीच. तीत बसवून नेलं. उतारावर एक पुढून धरायला, एक मागून. मी पळत उतरले. दवाखान्यात पोचले तेव्हा नळी लावलेली. माझ्याकडे बघून म्हणाले, "आलीस व्हय."
एवढंच.

२४ मे
गंधकाचा वायू फुप्फुसांना काय करतो, हे मी दरवर्षी पोरांना लिहून देते.

२८ मे, सोलापूर
घरी. शेजारच्या पद्मक्का डबा घेऊन आल्या. "आग बघितली का हो दोघांनी?"
हे म्हणाले, "हिनं बघितलं. म्या गाडीतनं हिंडलो."
त्या हसल्या. हे नाही.

१ जून, रविवार
तोरणा आठवतोय, माझा पहिला गड. उतरताना कातळावर मी थिजले. पुढे जाववेना, मागे सरकवेना. रडायला लागले. सगळे खाली गेले, हे थांबले. माझ्या खालच्या खोबणीत पाय रोवून बसून राहिले. "तू उतरल्याबिगर म्या हलत न्हाय." खाली गाडी सुटायची वेळ झाली, लोक हाका मारत होते. हलले नाहीत.

८ जून, रविवार
ग्रुपमधले चौघे घरी आले. ह्यांनी स्वतःच ढकलगाडीचा किस्सा रंगवला. "लग्नात बी असली वरात निघाली न्हवती." सगळे पोट धरून हसले. मीही हसले. हसायला नको होतं. हे माझ्याकडेच बघत होते.
ते गेल्यावर म्हणाले, पुढच्या रविवारपासून ग्रुप तू ने.
म्हटलं, "मी कशाला? बरं वाटलं की तुम्हीच."
"म्होरं जायाची सवय तुला हाय की."
रागानं नाही म्हणाले. राग असता तर बरं होतं.

१७ जून
शाळा सुरू. आठवीचा पहिला तास. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमी खरंच ज्वालामुखी बघितला?" सांगत सुटले. तळं, रंग, वाफा, पायाखालची गरम माती. घंटा झाली तरी कुणी उठेना. असा तास कधी झाला नव्हता. जिना उतरताना लक्षात आलं, ह्यातलं अक्षरही घरी बोललेले नाही. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२२ जून, रविवार
ग्रुप माझ्याशिवाय गेला. पाय दुखतोय म्हणून कळवलं. दिवसभर दोघं घरात. टीव्ही चालू, बघत कुणीच नव्हतं.

२९ जून, रविवार
सकाळी चहा घेताना ह्यांनी पेपर बाजूला ठेवला.
"वर काय होतं गं?"
इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वर्गात पाऊण तास बोलले होते, इथे तोंड उघडेना. त्यांचा उतरलेला चेहरा समोर. वाटलं, तुम्ही बसलात तिथून चार पावलांवर आयुष्यातलं सगळ्यात देखणं काही होतं, हे कसं सांगायचं?
म्हटलं, "काही नाही हो. सगळा धूर. तळं दिसलंच नाही."
बरं वाटेल त्यांना, असं वाटलं होतं.
ह्यांनी कप बशीत गोल फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी कायच न्हवतं तितं."
"नव्हतं."
"आन् तू तासभर बसलीस."
हे उठून गॅलरीत गेले. अजून तिथेच आहेत, हे लिहिताना पाठ दिसतेय. जाऊन खरं सांगायला हवं. तळ्याचं सांगेन, रंगाचंही सांगेन. पण त्यांनी पुढे विचारलं, 'तवा माझी आठवण आली व्हती का?', तर