न गळणाऱ्या नळाची हकिकत

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द एरवी आपण सवयीने लिहितो. आज तो शब्दशः घ्यावा. मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पालथा पडूनच हे पत्र लिहितोय, कारण उठून बसलं की कमरेतून जी कळ निघते ती थेट टाळूपर्यंत जाते. अक्षर वाकडं दिसेल, पण हेतू सरळ आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? भाऊजींचा खोकला थांबला का, की अजून शेजारपाजारचे त्यावरच उठतात? इकडे सगळं ठीक. हिची प्रकृती उत्तम, आवाज तर पूर्वीपेक्षा खणखणीत झालाय. पत्राला कारण म्हणशील, तर आईच्या गुलाबासंबंधी एक छोटंसं काम आहे. घाबरू नकोस, ओघाने येईलच. आधी पार्श्वभूमी समजून घे, नाहीतर तू नेहमीप्रमाणे शेवट आधी वाचशील आणि माझ्यावर खापर फोडून मोकळी होशील.

तुला ठाऊकच आहे, चौतीस वर्षं मी दप्तरखान्याचा अधीक्षक होतो आणि त्या चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद क्रमांकाशिवाय पुढे सरकला नाही. निवृत्तीनंतरचा पहिला आठवडा मी नुसता घरभर बघत हिंडलो आणि माझं धाबंच दणाणलं. या घरात काही म्हणजे काही नोंदलेलं नव्हतं! स्वयंपाकघराचं दार खाली घासत होतं, मोरीतलं पाणी उतरायला वेळ लागत होता, कपाटाचा खण ओढला की अख्खं कपाट पुढे यायचं, परसातला नळ गळत होता, आणि या सगळ्या तक्रारी ही तोंडी करायची! तेही भाजी चिरता चिरता! मी ताबडतोब 'गृहदुरुस्ती नोंदवही' उघडली. तक्रार अर्जाचा नमुना तयार केला: तक्रारीचं स्वरूप, तक्रार केव्हापासून, यापूर्वी केलेला पाठपुरावा. हिने पहिला अर्ज भरला तो परसातल्या नळाचा. 'केव्हापासून' या रकान्यात लिहिलं, अकरा वर्षं. 'पाठपुरावा' या रकान्यातही लिहिलं, अकरा वर्षं. आणि खाली, जिथे फक्त सही अपेक्षित होती तिथे, 'प्लंबरला बोलवा' असा शेरा मारून ठेवला. (शेरा अर्जदाराने मारायचा नसतो, हे मी तिला शांतपणे समजावलं. त्या दिवशी आमटी गार होती.)

आता हा प्लंबर म्हणजे कोण, ते सांगतो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसतो. काहीही दाखवा, 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणतो, म्हणून सगळे त्याला 'दोनमिनिटे' म्हणूनच ओळखतात. अशा माणसाच्या हाती मी घर देणार? ज्या कामाला दोन मिनिटं लागतात त्या कामाचा विचार कधी झाला? एकदा मी नळासमोर स्टूल टाकून थेंब मोजत बसलो होतो (मिनिटाला एक्केचाळीस, तीन दिवसांची सरासरी), तेव्हा या गृहस्थाने सायकल थांबवली, कुंपणावरून मान घातली आणि 'वायसर गेलाय काका, दोन मिनिटांचं काम आहे' असं सांगून टाकलं. मी त्याला विचारलं होतं का? मी म्हटलं, पाहणी चालू आहे. तो हसला. ताई, त्या हसण्याने मी जो पेटलो तो पेटलोच.

तरी मी घाई केली नाही. आधी सोपी प्रकरणं हाती घेतली. स्वयंपाकघराचं दार उतरवलं, रंधा आणला आणि खालची कड तासली. दार पुन्हा लावलं तर अजून थोडं घासत होतं, म्हणून पुन्हा उतरवलं, पुन्हा तासलं. असं पाच वेळा. पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं की ते खाली घासतच नव्हतं, वरच्या बिजागरीचा स्क्रू सैल होता. तो आवळला. आता दार अजिबात घासत नाही आणि त्याच्याखालून मांजर आरामात ये-जा करतं. (मांजर आपलं नाही.) नोंदवहीत मात्र 'निकाली' असा शिक्का मारला, कारण तक्रार घासण्याची होती, मांजराची नव्हती.

त्यानंतर मी घराला शिस्त लावली. घरातल्या एकूणएक किल्ल्यांना, बटणांना आणि पाण्याच्या कॉकना पत्र्याचे बिल्ले लावले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. कुठला क्रमांक कशाचा, याची सुवाच्य यादी केली आणि ती महत्त्वाची म्हणून लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवली. ही म्हणाली, कॉकवर सरळ 'मोरी', 'गच्ची' असं का लिहीत नाही? मला हसूच आलं. असं उघड लिहिलं तर यादीला अर्थ काय उरला?

आणि मग नळ. वायसर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, अर्धा इंची की पाऊण? मी बघून येतो म्हटलं. परत गेलो तर म्हणाला, रबरी की फायबरचा? पुन्हा बघून आलो. तिसऱ्या वेळी त्याने मला लांबूनच ओळखलं आणि काही विचारायच्या आत एक अख्खा नवा नळ पुढ्यात ठेवला. मी तोच घेतला. (अपमान गिळायलाही अनुभव लागतो.) घरी आलो, पाना लावला, अंगात होती नव्हती ती ताकद एकवटली आणि जुना नळ निघाला. निघाला म्हणजे कसा? निघाला तो थेट शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या अंगणात, आणि मागोमाग पाणी! मी ओरडलो, कॉक बंद करा. पण कुठला? एक ते सात क्रमांकाचे कॉक माझ्याकडे बघत होते. यादी कपाटात. कपाटाची किल्ली जुडग्यात. जुडग्यात तेवीस बिल्ले. आणि कपाटाच्या किल्लीचा क्रमांक कुठला? तो यादीत! तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना, तसं झालं, बाकी सगळीकडे मात्र पाणीच पाणी. मी एकेक किल्ली लावत होतो, तेवढ्यात ही हात पुसत आली, पाच नंबरचा कॉक फिरवला आणि आत गेली.

असो. नळ मात्र बसवला, ताई, आणि असा बसवला की एक थेंब नाही! मी कप ठेवून पाहिलं, सकाळी ठेवला, संध्याकाळपर्यंत कोरडा ठणठणीत. आठवडाभर मी येईल त्याला परसात नेऊन नळ दाखवत होतो. मास्तर दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, यात बघायचं काय आहे? मी म्हटलं, तेच तर! दूधवाल्याने पहिल्या दिवशी कौतुक केलं, दुसऱ्या दिवसापासून पिशवी फाटकालाच अडकवून जायला लागला. दोनमिनिटेला तर मी मुद्दाम हाक मारून बोलावलं. त्याने नळ पाहिला, मग खाली आईच्या गुलाबाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि माझा चेहरा बघून मिटलं.

तर, गुलाब. नळ बसवल्यावर नवव्या दिवशी त्याची पानं मलूल झाली. मी लगेच नवी नोंद केली, क्रमांक अठ्ठेचाळीस. कारण शोधायला घेतलं. आधी कीड समजून फवारा मारला. मग ऊन समजून जुनी चादर बांधून सावली केली. मग माती खराब समजून खताचं पोतं आणलं, ते पाठीवरून उतरवताना कमरेत उसण भरली (म्हणून आजचा हा साष्टांग). पालथा पडल्या पडल्या नोंदवही चाळत होतो आणि पहिल्याच पानावर नजर गेली: मिनिटाला एक्केचाळीस थेंब. ताई, अकरा वर्षांत त्या झाडाला आम्ही कुणी पाणी घातलेलं आठवतंय का तुला? मला नाही आठवत. तो नळच घालत होता. ज्याच्याविरुद्ध मी प्रकरण चालवलं, तोच या घरात एकटा इमानेइतबारे काम करत होता!

मग मी तसाच वाकत वाकत गेलो आणि नळ थोडा सैल करून पुन्हा एक्केचाळीस थेंबांवर आणायचा प्रयत्न केला. पण तो नवा नळ, त्याला मधलं काही येतच नाही. एकतर ठणठणीत, नाहीतर धो धो. शेवटी दिवसातून सहा बादल्या घातल्या, इतक्या दिवसांची थकबाकी म्हणून. सध्या झाडाची प्रकृती नाजूक म्हणावी अशी आहे. भोवती चादर आहे आणि बाहेर 'काम सुरू आहे' अशी पाटी लावली आहे, त्यामुळे हिला अजून कळलेलं नाही.

बाकी विशेष काही नाही. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल लावायला विसरू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वर 'नाजूक' लिहिलं ते कार्यालयीन भाषेत. झाड गेलं, ताई. आता नुसती काडी उरली आहे. नखाने खरवडून पाहिली, आत हिरवं काही नाही. आईने जाताना एक झाड तुला दिलं होतं आणि एक मला, आणि मला देताना म्हणाली होती की याला फार काही करू नकोस, ते आपलं आपण वाढेल. मी तेवढंही ऐकलं नाही. फार वाईट वाटतंय, इतकं की नोंदवहीत काय लिहावं तेच सुचत नाही.

ता. क. २. तुझ्या झाडाचं एखादं कलम ओल्या फडक्यात गुंडाळून पाठव. पत्ता मास्तरांचा घाल. हिला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. हे पत्र मी हिच्याच हाती पेटीत टाकायला देतोय खरं, पण पाकीट डिंकाने पक्कं चिकटवलं आहे, काळजी नको.

ता. क. ३. (ताई, हे मी लिहितेय. डिंक यांनी स्वतः घरी बनवला होता, पाकीट हातात घेताच उघडलं.) कलम पाठवू नका. हे निवृत्त होणार असं कळलं, त्याच महिन्यात मी त्या गुलाबाच्या दोन फांद्या कुंडीत लावून ठेवल्या होत्या. कुंडी पुढच्या पायरीवरच आहे, हे रोज तिच्यावर पाय टेकवून बुटाची नाडी बांधतात. एक फांदी जगली, आज तिला तीन कळ्या आहेत. माझं मागणं वेगळंच आहे. कंबर सरळ झाली की यांना पंधरा दिवस तुमच्याकडे बोलावून घ्या. प्लंबर यायला तयार आहे, पण साहेब घरात असताना येणार नाही म्हणतो. तुमची खिडकी नीट लागत नाही असं तुम्ही मागे म्हणाला होतात, ते मात्र यांच्यापुढे काढू नका. आणि गुलाबाचं तुमच्याकडे पोचल्यावर तुम्हीच यांना सांगा. काल त्या काडीपाशी बसून डोळे पुसत होते, मला बघवेना, तेव्हाच सांगणार होते. पण इथे सांगितलं असतं, तर तसेच उठून कुंडीची काळजी घ्यायला गेले असते.