फोन नसलेली खोली

पार्सिपनी, शनिवार, १२ मार्च २००५

हॉटेलवरून आज पुन्हा भांडलो. सेंट थॉमसला जायचं एवढं नक्की, कारण ते बेट अमेरिकेचंच. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असला तरी तिथून परत येता येतं. नागपूरला गेले तर नव्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगमध्ये अडकेन, नोकरी जाईल. म्हणून तिकडे बाबा अंथरुणाला खिळलेत आणि मी इथे समुद्रकिनारे बघतेय. कसली बाई आहे मी?

नितीनला अगदी पाण्याजवळची कॉटेज हवी होती. खोलीत टीव्ही नाही, फोन नाही. "तेच तर हवंय यार," म्हणाला. मी अडून बसले टेकडीवरच्या साध्या हॉटेलसाठी. खोलीत फोन आहे, एवढंच त्याचं कौतुक. सेलफोन तिथे लागेल की नाही कोण जाणे, आणि दादाचा फोन आला तर? नवऱ्याला दगड म्हणाले, सरळ तोंडावर.

मग दादाशी बोलले. त्याने फोन बाबांच्या कानाला लावला. काय बोलावं सुचेना, म्हणून सांगून टाकलं, "बाबा, चार दिवस एका बेटावर जातोय."

खूप वेळाने आवाज आला, "विमानानं?"

"हो."

"मग इकडे..."

पुढे नुसता श्वास.

संध्याकाळी नितीन स्वतःच नमला. "फोनवालं हॉटेल बुक करतो, बस?"

"नको. कॉटेजच घे."

माझा राग गेला असं वाटलं त्याला. वाटू दे. खोलीत फोन नसला, तर ते चार दिवस तरी बाबा आहेतच.