लवंगीचा शाही पवित्रा

४ जानेवारी
लवंगी आली! तिरुवैयारूहून टेम्पोत उभी राहून आली, एकदाही खिंकाळली नाही. मागच्या कारशेडमध्ये बांधली. कार विकल्यापासून शेड रिकामीच होती.
रंग लवंगेचा, वय तेरा, बरगड्या मोजता येतात. मोजल्या. एका बाजूच्या सात.
रामस्वामी सोबत होता. बारा वर्षं त्यानेच तिला सांभाळलं. आता त्याचे गुडघे गेले, म्हणून देतोय. त्याच्या सूचना: वाळलं गवत, पाणी, दोन वेळा चालवणं. चणे वेंडाम, भात वेंडाम, गूळ तर वेंडामच. सगळं नकोच. हिची जात थोड्याशा खाण्याने फुगते आणि मग पाय धरतात, असं पाच वेळा सांगितलं. माणूस चांगला, पण हात आखडता.
आमच्या घराण्यात साठ वर्षांनी घोडं आलं. पूर्वज इथल्या तमिळ मुलुखातल्या मराठी राजांच्या पागेत होते. पागेत नक्की कोण होते हे सांगणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून मी सरदार धरतो.
१० फेब्रुवारीला चेतनचं लग्न, माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचं. नवरदेव लवंगीवर बसून मंडपात येणार, असं मी सर्वांना कळवलं आहे. माझ्या बायकोने, कामाक्षीने विचारलं की चेतनला कळवलंत का. कळवीन.

५ जानेवारी
ही रोजनिशी देवनागरीत लिहायची. घरात देवनागरी मला एकट्यालाच वाचता येते. कामाक्षी बोलते मराठी, पण वाचते तमिळ. त्यामुळे इथे मनातलं बिनधास्त लिहिता येईल. अर्थात मनात लपवण्यासारखं काही नाहीच.

६ जानेवारी, सकाळ
लवंगीचा नवा डाएट चार्ट केला. एक्सेल शीटमध्ये, रंग भरून. भिजवलेले चणे दोन वेळा, तांदळाचा कोंडा दोन वेळा, गूळ संध्याकाळी. तीस वर्षं कॉलेजचं ऑफिस चालवलं, एका घोडीचं अवघड नाही.
चालवण्याचं उद्यापासून. आज ऊन आहे.

९ जानेवारी
बरगड्या चार.
चालवणं झालं नाही. राजवाड्याच्या बाजूला टूरिस्ट बसेसची गर्दी. घोडी बुजली असती.
मला पाहिलं की खिंकाळते. पाच दिवसांत! रक्त ओळखतं.

१३ जानेवारी
बरगड्या शून्य. मिशन पूर्ण. मानेवर अयाळीखाली जाड घट्ट वळी आली आहे, हाताने दाबली तरी हलत नाही. काय रुबाब! फोटो रामस्वामीला पाठवला. त्याचा लगेच फोन. ओरडत होता. ती चरबी आहे, खुराक आजच्या आज बंद करा अय्या, असं म्हणत होता. रेंज नाही म्हणून ठेवला.

१५ जानेवारी, माट्टु पोंगल
गल्लीत सगळ्यांच्या गाईंना आंघोळ, हळद, शिंगांना रंग, गोड पोंगल म्हणजे गुळातुपाचा भात. आणि आमची लवंगी नुसती बघत उभी! घरच्या लक्ष्मीला सणाच्या दिवशी वाळलं गवत? माझ्याने बघवेना. शिंगं नाहीत म्हणून तिचे खूर रंगवले, पुढचे लाल, मागचे पिवळे, चांगला ऑइल पेंट. आणि केळीच्या पानावर गोड पोंगल. आमच्याकडचा झाला, मग शेजाऱ्यांचा आला. कोणालाच नाही म्हणता येत नाही. एकूण सहा पानं. सगळी चाटून पुसून. शेवटी पानंही खाल्ली.
कामाक्षी म्हणाली, अहो, गाईला चार पोटं असतात, हिला एकच. तिला घोड्यांतलं काही कळत नाही.

१६ जानेवारी
लवंगीला जुलाब. पोट साफ होत आहे. सणानंतर सगळ्यांचंच होतं.

१७ जानेवारी, दुपार
आज एक अद्भुत गोष्ट घडली. लवंगी पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन, मान ताठ करून उभी आहे. जुन्या चित्रांत महाराजांचा घोडा असाच असतो! कोणी शिकवलं नाही. पागेतला शाही पवित्रा आपोआप आला. चार तास झाले, अजून तशीच उभी आहे.
फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. एकवीस लाईक. चेतनने नुसता अंगठा पाठवला.

१८ जानेवारी
पवित्रा सुटत नाही. पाय अवघडले असावेत. व्यायामाची कमतरता, रामस्वामी ती एक गोष्ट बरोबर सांगत होता. आज ठरवून चालवलं. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालावं तशी पावलं टाकत होती. वळताना तर जागची हलेना. ओढली. अंगणात दहा फेऱ्या पूर्ण करून घेतल्या. घामाने निथळली. चांगला वर्कआउट झाला.
माझ्या गुडघ्याचं तेल तिच्या पायांना चोळलं. खूर गरम लागत होते. थंडीचे दिवस आहेत, गरम असलेले बरे.

१९ जानेवारी, सकाळी ८
लवंगी आडवी पडली आहे. विश्रांती. उठवायची नाही.

सकाळी ११
उठत नाही. श्वास भराभर चालला आहे. नाकपुड्या फुललेल्या. कान धरला तर गार लागला. विश्रांती घेणारं जनावर असं डोळे वटारून बघत नाही, असं मनात आलं. मन वाईटच कल्पना करतं.

दुपारी १
कामाक्षीने मला न विचारता डॉक्टर बोलावली. डॉ. साईप्रिया, जनावरांची. माझ्या चपलेपेक्षा लहान असेल वयाने. आत आली, चार्ट बघितला नाही. खुराच्या वर, मागच्या बाजूला दोन बोटं ठेवून घड्याळ बघत बसली. मग मला तिथे बोटं ठेवायला लावली. धाडधाड ठोका लागत होता. निरोगी घोड्याचा तिथला ठोका शोधावा लागतो म्हणाली, हा दाराबाहेरून ऐकू येईल.
खुरांना सूज आहे, आतून. गोड आणि धान्य एकदम पोटात गेलं की होते. खुराच्या आत हाड ज्या पापुद्र्यांना धरून लटकलेलं असतं, ते पापुद्रे सुटायला लागतात. सगळे सुटले तर हाड खाली उतरतं, तळव्यातून बाहेर सुद्धा येतं. मग काही करता येत नाही, झोपवावं लागतं. पवित्रा वगैरे काही नाही, म्हणाली. पुढचे पाय दुखतात म्हणून बिचारी भार मागे टाकते. चालवलं नाहीत ना, असं विचारलं.
थोडंसं, असं मी सांगितलं.
पुढचे तीन दिवस महत्त्वाचे. चारही खूर बर्फात. खाली गुडघाभर वाळू. इंजेक्शनं. भिजवून साखर काढलेलं गवत, दुसरं काहीही नाही. चालवणं बंद. आधी तिने खुरांवरचा माझा पेंट खरवडला. वीस मिनिटं लागली. पेंट चांगल्या कंपनीचा होता.

२० जानेवारी
रामस्वामी पहिल्या बसने आला, गुडघे धरत. लवंगीच्या मानेवर डोकं टेकून उभा राहिला. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मी उत्तर तयार ठेवलं होतं.
कामाक्षी बर्फाच्या फॅक्टरीतून टीव्हीएस मोपेडवर लाद्या आणते. रामस्वामी फोडतो. मी देखरेख करतो.

२२ जानेवारी
लवंगी उभी! ठोका कमी झाला. डॉक्टर हसली, पहिल्यांदाच. तीन आठवडे अशीच नीट राहिली तर वाचेल. लग्नात चालेल का, असं मी सहज विचारलं. तिचं हसू गेलं.
तीन आठवडे म्हणजे १२ फेब्रुवारी. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. बघू.

२३ जानेवारी
भिजवलेलं गवत म्हणजे उकडलेला झाडू. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला अपराध्यासारखं वाटलं. एक खडा गूळ दिला. चिंचोक्याएवढा. औषध कडू असतं, त्यावर उतारा.

२४ जानेवारी
दोन खडे, सकाळ-संध्याकाळ. आनंदाने बरं होतं जनावर. आणि मूठभर चणे, तेही कोरडे. चार्टच्या मानाने हे काहीच नाही.

२६ जानेवारी
ठोका पुन्हा धाडधाड. आज मी स्वतःच बोटं ठेवली, कोणी सांगायच्या आधी. ती पुन्हा भार मागे टाकते आहे.
डॉक्टरने सर्वांना शेडमध्ये उभं केलं आणि विचारलं, गवताशिवाय काही दिलं का. कोणीतरी दिलं असेल तर आत्ता सांगा, रागावणार नाही. मी म्हणालो की मी नाही. मग आपोआपच तोंडातून निघालं की जुन्या माणसांना जुन्या सवयी असतात, रामस्वामीच जास्त वेळ तिच्याजवळ असतो. मी खोटं बोललो नाही. तो जास्त वेळ असतोच.
 रामस्वामी सामी साक्षी, म्हणजे देव साक्षी आहे, एवढंच म्हणाला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बसस्टँडकडे चालत गेला. कामाक्षी आत गेली. स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजत होती.

२७ जानेवारी
एक्सरे झाला, मशीन शेडमध्येच आणलं. हाड फिरलं आहे, थोडं. डॉक्टर म्हणाली, साखर पोटात जात असेल तर अजून आशा आहे, बंद करून पुन्हा झुंजता येईल. पण नुसत्या धुतलेल्या गवतावर, एवढ्या औषधांत हे परत आलं असेल, तर तिच्या हातात काही उरत नाही. तिला इतक्या वेदनेत ठेवणं पाप आहे. उद्या अकरा वाजता येते. रामस्वामीला तिने फोनवर विचारलं, तो म्हणतो काहीच दिलं नाही, आणि तिला तो माणूस खरा वाटतो.
म्हणजे उद्या अकराला लवंगीला झोपवणार.
आज गूळ दिला नाही. चार वेळा खिशात हात गेला.

२८ जानेवारी, सकाळी ६
एक योजना. डॉक्टरला सांगायचं की शेजाऱ्यांनी भिंतीवरून काहीतरी टाकलं असेल. कुणाचंच नाव येत नाही.

सकाळी ८
नको. शेजाऱ्यांना विचारलं तर ते नाही म्हणतील आणि तिला तेही खरे वाटतील.

सकाळी ९.१५
भाषण लिहिलं. दीड पान. घराण्याची परंपरा, पाहुण्याला उपाशी न ठेवण्याचा आपला धर्म, त्यातून अजाणता घडलेली किरकोळ त्रुटी. चांगलं झालं आहे.

सकाळी १०.३०
लवंगी पडली आहे. वाळूत नाक. डोळ्याभोवती माशा, हाकलण्याइतकी पण मान हलवत नाही. मी हाकलतो आहे. हात थांबत नाही.
मला भीती वाटते. मला फार भीती वाटते.

दुपारी १
डॉक्टर पावणेअकराला आली. बॅग उघडली, मोठी सिरिंज. मी भाषण काढलं. चष्मा सापडेना. मग नुसतं बोललो. गूळ मी दिला. चणे पण. रोज. रामस्वामीने काही दिलं नाही.
डॉक्टरने किती ते विचारलं. मी सांगितलं. चिंचोक्याएवढा म्हणायला तोंड उघडलं आणि लिंबाएवढा म्हणालो, कारण लिंबाएवढाच होता. तिने लिहून घेतलं. सिरिंज परत ठेवली. कामाक्षी दारात होती. तिने सांगितलं की गुळाचा डबा चार दिवसांपासून हलका लागत होता, तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते. सिरिंज भरेपर्यंत मी बोललो नसतो तर ती स्वतः सांगणार होती.
म्हणजे मी बोललो नसतो तरी काही फरक पडला नसता. हे लिहितानाच बरं वाटेनासं झालं.

२९ जानेवारी
तिरुवैयारूला गेलो. रामस्वामीच्या ओसरीवर उभा राहिलो. माफी मागायची होती, ती आधी तमिळमध्ये मनात जुळवली होती. तो म्हणाला, बर्फ कोण फोडतंय आता. मी सांगितलं, कामाक्षी. तो चपला घालायला लागला.

१० फेब्रुवारी
लग्न लागलं. मंडपात सगळे येतील, घोडी कुठे म्हणून विचारतील, म्हणून उत्तर पाठ केलं होतं: पशुवैद्यकीय कारणास्तव. नवरदेव भाड्याच्या कारने आला, फुलांनी मढवलेल्या. कोणीही विचारलं नाही. जेवताना मी स्वतःच विषय काढला. चेतन म्हणाला, पेरियप्पा, मला घोड्यांची भीती वाटते, हे तुम्हाला अप्पांनी सांगितलं नाही का?

१२ फेब्रुवारी
तीन आठवड्यांचा हिशेब पहिल्यापासून सुरू झाला, २८ तारखेपासून. ठोका आज शोधावा लागला. रामस्वामीने शोधला, मग डॉक्टरने, मग मला बोटं ठेवू दिली. मला सापडला नाही. डॉक्टर म्हणाली, छान.
लवंगीवर यापुढे कोणी बसणार नाही. खूर दर दीड महिन्याला कापायचे, वर्षभर. चार्ट आता डॉक्टरचा आहे, त्यात एकच रकाना आहे, गवत.
मला शेडमध्ये एकट्याला जायला परवानगी नाही. कामाक्षी किंवा रामस्वामी सोबत हवा. आत जाण्याआधी रामस्वामी माझे खिसे तपासतो. मी हात वर करून उभा राहतो. आज तिसरा दिवस. सवय होते.
सध्या माझ्याकडे बर्फाचे टब धुण्याचं काम आहे.